सुलोचनाताईंचा भात

हे मी आजवर कुणापाशी काढलं नाही. घरात नाही, मित्रांत नाही. चाळीस वर्षं रोज वही लिहितो — त्या वहीतही त्या दिवसाच्या पानावर दोनच शब्द आहेत. 'ऊन फार.' खोटं नाही ते. ऊन खरंच फार होतं.

सुलोचनाताई गेल्या, त्याला आज बावीस दिवस झाले. आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बौद्ध मोहल्ल्यात राहणाऱ्या, चालताना चपला फटफट वाजवणाऱ्या. त्यांची मुलगी रंजना माझी विद्यार्थिनी. मी इथल्याच शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झालो तरी गावासाठी 'सर'च राहिलो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वीस वर्षं समतेवर भाषण केलेला माणूस मी. हे आधी सांगून ठेवतो — पुढचं मोजताना लागेल.

आमचं शहापूर महामार्गावर. एरवी रस्ता म्हणजे ट्रकांची घरघर. टाळेबंदीच्या उन्हाळ्यात ती थांबली, आणि त्या शांततेत पावलं ऐकू यायला लागली. नागपूरकडून येणारी, छत्तीसगडकडे जाणारी. डोक्यावर बोचकी, पायांत फाटक्या चपला, काहींच्या तर पायांना नुसत्या चिंध्या. सगळ्या देशावर जे कोसळलं होतं, ते आमच्या दारासमोरून चालत जात होतं. बघत बसणार तरी किती?

गाव बसलं नाही. हे मी अभिमानानं लिहितो, आणि तो अभिमान आजही मागे घेत नाही. रस्त्यावरच्या एका बंद ढाब्याच्या मालकानं चाव्या काढून दिल्या. कुणी तांदूळ आणला, कुणी कांदे, कुणी सरपण. दोन्ही मोहल्ल्यांतल्या बाया कंबर कसून आल्या. लग्नाच्या पंगतीला जे कधी एकत्र बसले नाहीत, ते त्या ढाब्यावर खांद्याला खांदा लावून राबले. चाळीस दिवस.

आणि कामांची यादी कुणी करायची? अर्थात सरांनी. अक्षर चांगलं ना.

ती यादी मी तासभर बसून केली. आमच्या गल्लीतल्या बाया — भट्टी, फोडणी, भात, वाढणं. बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया — पाणी, भाजी निवडणं, भांडी, चालणाऱ्यांच्या पायांना मलम. नावं सुबक लिहिली, खाली रेघ मारली, भिंतीवर चिकटवली. शिजलेल्या अन्नाला कुणाचा हात लागेल आणि कुणाचा नाही, ते त्या यादीत नीट ठरलेलं होतं — तसा एक शब्दही न लिहिता.

मला तसं कुणी सांगितलं होतं का? नाही. कुणी धमकावलं होतं? नाही. कुणाच्या कपाळाला आठी तरी होती? मी बघितलीच नाही. मी नुसतं धरून चाललो, की तांदूळ देणारी घरं मागे सरतील. शिकलेला माणूस भ्यायला लागला की कारण पुढे होऊन त्याच्याकडे चालत येतं — माझ्याकडे तसं ते आलं.

सुलोचनाताईंनी यादी वाचली. वरपासून खालपर्यंत, मग परत वरपासून. "अक्षर मस्त आहे, सर," म्हणाल्या, आणि बादली उचलून हापशीकडे गेल्या.

इथेच थांबलो असतो, तर कबूल करण्यासारखं होतंच. पण मी सांगायला बसलो आहे ते हे नाही.

तो दिवस. भर दुपार. सकाळची खिचडी संपली होती. भट्टीवरच्या बाया घरी गेल्या होत्या. ढाब्यावर मी, माझी वहिनी आणि तिच्याबरोबरच्या दोघी — एवढेच उरलो होतो. आणि हापशीपाशी सुलोचनाताई. सहा माणसं आली. एक म्हातारी, तिचे दोन मुलगे, दोन सुना, कडेवर एक मुलगी. आमच्याकडे त्या वेळी पाव होते, केळी होती. म्हातारीनं पाव हातात घेतला, उलटसुलट केला, आणि सुलोचनाताईंकडे बघून विचारलं, "बहिनी, भात हे का?"

आठ दिवस ते लोक पावावर आणि बिस्किटांवर चालत होते. सुलोचनाताईंना जे त्या एका प्रश्नात कळलं, ते मला कळायला वेळ लागला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे आपल्यासारखेच धानवाले लोक व्हय, सर. पावानं यायचं पोट भरन काय? बसवा यायले. मी आलीच."

आणि गेल्या. घरी जाऊन भात रांधला. यादीत नसलेलं काम.

पाऊण तासानं आल्या, तेव्हा डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर झाकलेला गंज — आमच्याकडे पातेल्याला गंजच म्हणतात. तो खाली ठेवला आणि वास सुटला. चिन्नोर. आमच्या भागातला सुवासिक तांदूळ. घरात पायली-दोन पायली असतो, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला. त्या वासानं म्हातारी उठून बसली. मुलगी कडेवरून वाकून बघायला लागली. म्हातारीच्या थोरल्या मुलानं पत्रावळी स्वतःच मांडल्या, ओळीनं, सहा.

वहिनी माझ्याकडे बघत होती. बाकीच्या दोघीही. त्या नजरांत काय होतं? मला आजही ठाऊक नाही. कदाचित नुसतीच भूक असेल, कदाचित काहीच नसेल. पण मी त्या वाचल्या — वाचायची सवय ना — आणि मला हवा तोच अर्थ त्यांत भरला. उद्या गल्लीत बोलणं होईल. ढाबा बंद पडेल. खापर माझ्यावर फुटेल.

मी पुढे झालो. झाकण उचललं. आत वाकून बघितलं, आणि म्हणालो, "अरे, हा तर लागला. खालून करपला आहे. आजारी पडतील हे लोक."

झाकण परत ठेवलं.

सुलोचनाताई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्या गंजाकडे वळल्या नाहीत. माझ्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "लागला असन, सर. तुम्ही पायलं म्हणजे लागलाच."

भंडारा जिल्हा हा. इथे बाईची पारख भातावरून होते. आणि आमच्याकडे भात भरपूर पाण्यात शिजवून, पेज काढून टाकून करतात. तसा भात तळाला लागत नाही — लागूच शकत नाही — हे इथल्या शाळकरी पोरीलाही कळतं. म्हणजे माझं खोटं धड खोटंही नव्हतं. तिथल्या तिन्ही बायकांना ते त्याच क्षणी कळलं असणार. कुणी बोललं नाही. पण त्या गप्प राहिल्या, यातला वाटा मी त्यांना देणार नाही. झाकण माझ्या हातात होतं.

त्या सहा जणांनी पाव घेतले, केळी घेतली. थोरल्यानं पत्रावळी गोळा केल्या, एकावर एक नीट रचून मला परत दिल्या. जाताना म्हातारीनं सुलोचनाताईंच्या गालाला हात लावला. पुढे साकोलीपर्यंत सावली फारशी नाही. ते चालायला लागले.

गंज मी ढाब्यामागे नेला. झाकण काढलं. पांढरा, मोकळा, शीत न् शीत वेगळं. तो मी मालकाच्या म्हशींपुढे ओतला. रिकामा गंज हापशीवर घासायला सुलोचनाताईच बसल्या. त्यांच्या नावापुढे भांडीच लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आल्या. शेवटच्या दिवसापर्यंत आल्या.

पुढे गावाचं कौतुक झालं. एका पत्रकारानं लिहिलं, दोन समाजांनी मिळून चूल पेटवली. सत्कारात मी बोललो, "इथे कुणी कुणाला जात विचारली नाही." खरंच होतं ते. विचारायची गरजच मी ठेवली नव्हती.

आणि माझ्या त्या एका वाक्यातून एक विनोद जन्माला आला. कुणाच्या घरी जेवणावळ निघाली की कुणीतरी म्हणायचं, "सुलोचनाताईले भातापाशी नोका बसवू बा, लागून जाईन!" सगळे हसायचे. प्रेमानंच हसायचे. त्याही हसायच्या. मी हजर असलो, तर एकदाच माझ्याकडे बघायच्या. वर्षानुवर्षं, एका शब्दानं तो विनोद त्यांनी खोडला नाही. का? मला वाचवायला? ढाब्याचं नाव राखायला? की खोडायची जबाबदारी ज्याची, त्याची वाट बघत होत्या? मी विचारलं नाही. विचारायला रोज सकाळ होती. त्या माझ्या दारावरूनच अंगणवाडीला जायच्या.

बावीस दिवसांपूर्वी त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात दोन्ही मोहल्ले होते. एकाच पंगतीत बसलो, शेजारी शेजारी. हे ढाब्यानंच घडवलं, यात मला शंका नाही. माझ्यामुळे घडलं नाही, यातही नाही. सरपंच बोलायला उठले. ढाब्याची आठवण सांगितली, आणि शेवटी डोळे पुसत म्हणाले, "सेवा करावी तं सुलोचनाताईनं, अन् भात रांधावा दुसऱ्यानं!" रडता रडता लोक हसले.

मीही हसलो.

जेवण झाल्यावर रंजना माझ्यापाशी आली. मोठी झाली आहे, नागपूरला नोकरी करते. हळूच म्हणाली, "सर, एक गोष्ट समजत नाही मले. सारेच म्हणतात आईचा भात लागला होता म्हणून. घरी तर कधीच नाही लागला. काहून बा असं झालं असन?"

मी म्हणालो, "घाईत होतं असं कधी कधी."

सुलोचनाताईंच्या फोटोसमोर उभा राहून म्हणालो. तोपर्यंत एक खोटं होतं. त्या दिवशी दोन झाली. आणि दुसऱ्या खोट्याच्या वेळी तर भिण्यासारखं कुणी समोर नव्हतं.

म्हणून हे लिहिलं. पहिली प्रत रंजनाला काल पाठवली आहे. दुसरी सरपंचांकडे दिली, आणि येत्या ग्रामसभेत मी ती स्वतः, उभं राहून वाचणार आहे, वहिनी समोर बसलेली असताना. कुणी काय म्हणावं, हे मी ठरवणार नाही. याद्या करून झाल्या माझ्या.

तो भात लागला नव्हता, रंजना. मी पाहिला होता.