घोडेगावच्या बाजारात शास्त्रीबुवांची खोड

आमच्या यांनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं आणि मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, यांना पडू दे. कारण सरळ होतं. हे नगरच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवतात. चौदा वर्षं त्यावर एक टीका, म्हणजे अर्थ उलगडणारा ग्रंथ, चालली आहे; हे सांगतात, मी उतरवून घेते. दोनच अध्याय राहिलेत. निवडून आले की मुंबई, सभा, समित्या. मग ग्रंथ कुठला पुरा व्हायला? तरी प्रचाराला बरोबर चल म्हणाले तेव्हा निघाले. फिरायला कुणाला नको असतं!

महायुद्ध संपलं तरी आमच्याकडची सर्व्हिस मोटार अजून कोळशाच्या गॅसवरच धावते. इमामपूरच्या घाटात ती बसली आणि उमेदवारासकट सगळ्यांनी उतरून ढकलली. तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि मागच्या बाकावर बसू नका; कोळशाची भट्टी तिथेच असते. माझं लुगडं काजळीने पार काळं झालं. पुढे एका मळ्यात गरम हुरडा, गूळ आणि लसणाची चटणी मिळाली. पैसे विचारले तर मालकीण रागावली.

घोडेगावला बाजाराच्या दिवशीच जावं. बैलच बैल, आणि सौदे उपरण्याखाली बोटं धरून चाललेले. पांढरपेशी बाई मी एकटीच. हे भाषणाला उभे राहिले तोच एक म्हातारा शेतकरी पुढे आला.

“शास्त्रीबुवा, भाषान ऱ्हाऊ द्या. बैल घेताना आमी खोड इचारतो. इकनाऱ्यानं ती आदी सांगायची. तुमची काय हाय?”

वर्गात कुणी शंका काढली की हे चष्मा काढून पुसतात, तसाच पुसला. मग म्हणाले, “हाती घेतलेलं काम मी वेळेत पुरं करत नाही. एक ग्रंथ चौदा वर्षं रखडलाय, तो माझ्याच आळसामुळे. दर दिवाळीला हिला पुढची दिवाळी सांगतो.”

माणसं हसली. मला हसू आलं नाही. यांना त्याचं काही वाटतच नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं, कारण आता हे पडणार.

म्हातारा लोकांकडे वळला. “लपवनाऱ्यापरीस ह्यो बरा. काम मागं पडलं तर आमी हाकलू की.”

घोडेगावानं भरभरून मतं दिली. हे निवडून आले.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी यांनी टीकेची बाडं माझ्यापुढे ठेवली. “उरलेले दोन अध्याय तू लिही. निम्म्या शंका तूच काढतेस, उत्तरंही तुला ठाऊक आहेत.”

“आणि चुकलं तर?”

“आल्यावर बघीन.”

“तुम्ही बघाल तोवर छापून होईल,” मी म्हटलं. हे हसत सुटले.

ते गेले त्या दुपारी मी लिहायला बसले. सांगणारं कुणी नव्हतं. मग मीच मोठ्याने सांगितलं आणि मीच उतरवून घेतलं.