थोरल्याच्या गळ्यातला पट्टा

आमच्या सासऱ्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ताटातली भाकरी संपली तर हात धुऊन उठतील, पण ‘आणखी वाढ’ म्हणणार नाहीत. लग्न होऊन मी उदगीरहून मुखेडजवळच्या या गावात आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस माझ्या स्वैपाकावर रुसलाय. मग कळलं, रुसवा नाही, स्वभाव आहे. आपण होऊन मागायचं नाही, आणि कुणी प्रेमाने दिलं तर नाही म्हणायचं नाही. या दुसऱ्या सवयीपायी आमचा थोरला बैल जवळजवळ गेलाच होता.

थोरला आणि धाकला ही आमची लाल कंधारी जोडी. नांगरटीला आता ट्रॅक्टर येतो, पण सोयाबीनच्या कोळपणीला बैल लागतात, आणि सासऱ्यांना तर जगायलाच लागतात. थोरल्याची आई तो अगदी लहान असताना गेली. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. “पोटच्या पोराला कधी मांडीवर घेतलं न्हाई, पन वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे,” असं सासूबाई शेवटपर्यंत सांगत. माझा नवरा हे ऐकून हसायचा, पण जरा उशिरा हसायचा.

जनावरांच्या तब्येतीवर लक्ष ठेवणाऱ्या पट्ट्यांचा प्रकल्प आमच्याकडे आला, तेव्हा नवऱ्याने हौसेने नाव दिलं. मोटारसायकलवर दोघं आले आणि बैलांच्या गळ्यात एकेक रुंद पट्टा बांधून गेले. पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी डबी. बैल किती हलला, किती वेळ बसला, रवंथ किती केला, हे त्या डबीला कळतं आणि ते फोनवर येतं. आता फोन कुणाचा? नवऱ्याच्या फोनला कधी चार्जिंग नसतं, मामांचा फोन बटणांचा. राहिले मी.

मामा कडेला उभे राहून सगळं बघत होते. आम्ही लिंगायत. मामांच्या गळ्यातलं लिंग आंघोळीला, झोपेत, कधीही उतरत नाही. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, “आपल्या गळ्यात लिंग हाय, ते समजतं. बैलाच्या गळ्यात हे डबडं कशाला? मी मेलो का?”

“तुम्ही झोपता तेव्हा कोण बघतं, मामा?”

“नाकापरीस मोती जड,” असं पुटपुटत ते वैरण टाकायला गेले.

मी दुकानदाराची मुलगी. बैलाला शिंगं कुठल्या टोकाला असतात, एवढंच माहेरून शिकून आलेली. इतकी वर्षं गोठ्यात शेण भरायला जायचे आणि शेण भरून यायचे. पण हा पट्टा आला आणि माझी त्या दोघांशी पहिल्यांदा ओळख झाली. थोरला दुपारी चिंचेखाली बसला की डोळे मिटून निवांत रवंथ करतो, आणि फोनवरची त्याची रेघ हळूहळू चढत जाते. धाकला उतावळा. जरा चघळतो, उठतो, शेपटी मारतो, पुन्हा बसतो. त्याची रेघ त्याच्यासारखीच धांदरट. भाकऱ्या थापता थापता मी एका बोटाने त्या रेघा बघायचे. जे मुकं जनावर नुसतं उभं आहे असं मला वाटायचं, ते आत एवढं काम करतंय, आणि ते काम कुणीतरी बसून ऐकतंय, याचं मला फार नवल वाटायचं. खरं सांगायचं तर त्या डबीवर माझा जीवच जडला.

शेजारणी चिडवायच्या. “काय गं, बैलाचा मेसेज आला का?”

“आला की. तुझ्या नवऱ्यापेक्षा लवकर येतो.”

डबी काही देव नव्हती. एकदा धाकला बेचैन आहे म्हणून तिने फोनवर ओरडा केला. आम्ही धावत गेलो, तर तो खांबाला मान घासत आरामात उभा. मामांना आयतंच कोलीत मिळालं. येताजाता म्हणायचे, “तुझ्या डब्याला साधी खाज समजंना, अन् दुखणं काय समजावं!”

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी मामांनी दोघांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली, कानाशी लागून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” सकाळी नदीवर नेऊन बैल धुतले, आणि पट्टे काढून खुंटीला अडकवले.

मी म्हटलं, “मामा, ते कशाला काढलं? पाण्याने काही होत नाही त्याला.”

“आज मानेवर जू न्हाई ठेवायचं. हे बी जूच हाय. त्याचा सण हाय माय, आज त्याला मोकळं सोड.”

बैलाच्या मानेला एक दिवस सुट्टी द्यायची म्हणून झटणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी काय?

संध्याकाळी जोड्या वेशीत जमल्या, मारुतीला फेरा झाला, आणि मग दारोदार ओवाळणं सुरू झालं. थोरला गावाचा लाडका. लहान पोरंही त्याच्या पोटाखालून जातात. प्रत्येक दारात बाई पंचारती घेऊन उभी, पंचारतीशेजारी पुरणपोळी. एका घरी दोन, दुसऱ्या घरी तुपात भिजवलेली, तिसऱ्या घरी वर गव्हाचा खिचडा. धाकला वाजंत्रीला बुजून मागे सरायचा, त्यामुळे त्याच्याही वाटचं थोरल्याच्या तोंडात जायचं. आणि मामा? दिलेलं नाही म्हणायचं नाही. ते प्रत्येक दारात अभिमानाने कासरा सैल सोडायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टे परत बांधले. दुपारी माझा फोन वाजला. थोरल्याचा रवंथ जवळजवळ बंद.

नवरा म्हणाला, “हळद गेली असेल डबीत.”

मामा म्हणाले, “सण जेवलाय तो. जेवल्यावर मानूस बी सुस्तावतो.”

माझा स्वभाव तापट. पण त्या वेळी मी भांडले नाही, गोठ्यात जाऊन थोरल्यासमोर बसले. धाकला मजेत चघळत होता. थोरल्याचा जबडा हलत नव्हता. कान खाली, डोळा निस्तेज. मी फोन घेऊन मामांपाशी गेले. “हे बघा. ही धाकल्याची रेघ, ही थोरल्याची. हळद काय एकाच डबीत गेली? आणि माझ्या डोळ्यांतही गेली का? तो तोंड हलवत नाही, मामा.”

मामांना त्या रेघा वाचता येत नाहीत. पण एक वर आणि एक अगदी जमिनीला टेकलेली, एवढं त्यांना दिसलं. ते उठले. थोरल्याच्या डाव्या कुशीत मूठ दाबली आणि तशीच धरून ठेवली. आत पोट हलतं का, ते बघत होते. मूठ काढली तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना.

“डाक्टरला फोन लाव,” म्हणाले.

मुखेडहून डॉक्टर मॅडम आल्या. पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, आणि विचारलं, “पुरणपोळी किती चारली?” मामा बोटांवर दारं मोजू लागले. मॅडमनी नळी घालून पोटात सोड्याचं पाणी सोडलं, शिरेतून सलाईन लावलं. हात धुताना म्हणाल्या, “पुरण माणसाला गोड लागतं, याच्या पोटात आंबतं. पोळा झाला की दरवर्षी अशी जनावरं बघते. बहुतेकांना ती आडवी पडल्यावरच कळतं. तुम्ही हा उभा असताना बोलावलंत. पण अजून खात्री देत नाही. रवंथ सुरू झाला तर जगला समजा.”

मामा सलाईनची बाटली धरून उभे होते. खांबाला टांगू म्हटलं तर ऐकेनात. “म्या आवतन दिलं त्याला,” एवढंच म्हणाले. “माज्या आवतनाला आला होता गं तो.”

त्यानंतर घरात एकच प्रश्न होता. मामा जेवले नाहीत, बाज गोठ्यात टाकली. आणि डबड्याकडे कधी ढुंकून न बघणारा तो माणूस मी समोरून गेले की म्हणायचा, “बघ गं पोरी, काय म्हनतंय?” त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं ते हे. आणि मला दरवेळी फोन बघून मान हलवावी लागायची. भाकरी मागितली असती तर वाढता तरी आली असती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी ज्वारी निवडत होते. गोठ्यातून हाक आली. “आला! आला गं!” मी सूप टाकून पळाले. थोरल्याच्या गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला, पट्ट्याखालून सरकत तोंडात गेला, आणि जबडा हलला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मामा त्या जबड्याकडे बघून रडत होते. मीही रडले, माझा नवराही रडला, आणि या खेपेला उशिरा नाही. फोनवरची रेघ त्यानंतर थोड्या वेळाने उठली. मामा डोळे पुसत म्हणाले, “तुझा डबा आज मागं राहिला.” पण हात त्या डबीवरूनच फिरवत होते.

वर्ष सरलं, पुन्हा पोळा आला. खांदेमळणी झाली, आवतण दिलं, बैल नदीवर गेले. परत आले तेव्हा अंगावर नवी झूल, नवा कासरा, आणि गळ्यात पट्टा तसाच. त्याला मामांनी लाल गोंडा बांधला होता.

मी मुद्दाम म्हटलं, “मामा, आज जू नको ना मानेवर?”

“आपल्या गळ्यातलं आपन सणाला काढतो का?” ते म्हणाले. “मग त्याचं कशाला काढायचं?”

संध्याकाळी पहिल्या दारात शेजारीण पोळी घेऊन पुढे झाली. मामांनी कासरा आखडता घेतला. “त्याला नुस्ती तोंडाला लाव, माय.”

तिचा चेहरा पडला. सणाच्या दिवशी दारातून बैल उपाशी कसा पाठवायचा? मामांनी खांद्यावरचं उपरणं काढून ते दोन्ही हातांनी तिच्यापुढे पसरलं. “त्याच्या वाटचं हितं टाक,” म्हणाले. “मला दे.”

त्या संध्याकाळी माझे सासरे गावातल्या एकेका दारात असेच उपरणं पसरून उभे राहिले, आणि मागे गोंडा हलवत थोरला सावकाश रवंथ करत होता.