ब्रेकचा दंड

माझ्या मावशीला सगळी वस्ती ब्रेकबाई म्हणते. ती गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मावशी शेजारी, आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक. तेवीस वर्षं तो दाबून तिची सवय अशी झालीय, की बसमध्ये बसली तरी तिचा उजवा पाय फरशी दाबत असतो. सिनेमातल्या गाडीलाही ती ब्रेक मारते. पुढच्या खुर्चीवाले वळून वळून बघतात.

सहा महिन्यांपूर्वी चौकात गाडी मी चालवत होते. पिवळा दिवा लागला आणि अतिशहाणपणा करून मी वेग वाढवला. एक आजोबा काठी टेकत रस्त्यात उतरले होते, ते मला दिसलेच नाहीत. मावशीला दिसले. तिने ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्ट्यांवर थांबली, आजोबांपासून हातभर अंतरावर. कॅमेऱ्याने मागून एवढंच टिपलं, की गाडी पट्ट्यांवर उभी आहे. पंधरा दिवसांत चलान घरी आलं.

दंड किरकोळ होता. "भरून टाक आणि मोकळी हो," काका मावशीला म्हणाले.

"का म्हणून भरू? दंड भरला म्हणजे ब्रेक चुकला, असं मीच लिहून दिल्यासारखं. ब्रेक चुकला असता तर तो म्हातारा आज चालत नसता."

"मग मी सांगते ना, गाडी मी चालवत होते म्हणून," मी म्हटलं.

"तू गप्प बस! शिकाऊची चूक नोंदली गेली की वर्षभर परीक्षा बंद. रुग्णवाहिकेची नोकरी तोवर तुझी वाट बघत बसणारेय का?"

त्या नोकरीसाठी मी जिवाचं रान करत होते आणि परीक्षेत दोनदा आपटले होते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले. अजून त्याची लाज वाटते.

मग कोर्टाच्या तारखा आल्या. तीन तारखा, तिन्ही मंगळवारच्या. मंगळवारी परवान्याची परीक्षा असते आणि मावशीकडे शिकणाऱ्या मुली ती तिच्याच गाडीवर देतात. मावशीने कोर्टाला चक्क पत्र लिहिलं, 'मंगळवार सोडून कुठलाही वार द्यावा.' कोर्टाला कुणी वार सांगतं का! चौथ्या वेळी तारीख आली नाही, अटकेचं वॉरंट आलं.

ते घेऊन आलेला हवालदार तिच्याकडेच गाडी शिकलेला. दारात मान खाली घालून उभा राहिला. "मावशी, चला हो. माझाही नाइलाज आहे."

"चल. पण क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस. किती वेळा सांगितलं होतं तुला!"

जीपमध्ये कोर्टापर्यंत तिचा पाय फरशी दाबत होता. मी शेजारीच बसले होते.

"तीन तारखा चुकवल्यात," न्यायाधीश म्हणाले.

"चुकवल्या. त्याचा दंड आत्ता भरते. ब्रेकचा भरणार नाही."

"गाडी कोण चालवत होतं?"

"शिकणारं माणूस चुकतंच, साहेब. म्हणून तर मी शेजारी बसते. नाव मिळणार नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. नाव दिलं नाही तर गाडी शिकवण्याचा तिचा परवाना रद्द होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. "शेवटचं विचारतो, बाई."

मावशीने हाताची घडी घातली. तेवीस वर्षं या बाईने परक्यांच्या चुका आपल्या पायाखाली दाबल्या, आणि आता माझ्या चुकीपायी तिच्या दारावरची पाटी उतरणार होती. माझी तिसरी परीक्षा पुढच्याच मंगळवारी होती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि भयंकर संतापही येत होता. बाकड्याला हात टेकून मी उभी राहिले.

मावशीने वळून पाहिलं आणि तिचा उजवा पाय फरशीवर दाणकन आपटला.

मी थांबले नाही. "साहेब," मी म्हटलं, "गाडी मी चालवत होते."