सहा शनिवारांचं जपानी

मला श्रोते फार आवडतात. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातल्या आमच्या घराची बैठकीची खोली तशी लहान, पण चार माणसं बसली की मला तिचं नाट्यगृह झाल्यासारखं वाटतं. पंचविशीत असताना पुण्यात जपानी शिकलो, तीन वर्षं जपानमधल्या एका कारखान्यात काढली आणि आता आइंडहोवनच्या परिसरात चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतो. इथल्या मराठी मंडळाच्या एकांकिका मीच बसवतो. मुख्य भूमिका दर वर्षी योगायोगाने मलाच मिळते.

त्यामुळे दोन रस्ते पलीकडे राहणाऱ्या मित्राच्या मुलीला जपानी जड जातंय हे कळलं, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला.

मुलगी एकोणीस वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये किंवा इंग्रजीत. माझ्याशी तेवढं ती अडखळत मराठी बोलायची. दूरच्या शहरातल्या विद्यापीठात जपानी हाच मुख्य विषय घेतलेला, पहिलं वर्ष; आठवडाभर तिकडे राहायची, शनिवार-रविवार घरी. इथे पहिल्या वर्षी ठरावीक क्रेडिट मिळवले नाहीत तर विद्यापीठ तुम्हाला 'बंधनकारक सल्ला' देतं. नाव सल्ल्याचं, अर्थ एवढाच की हा विषय तुम्हाला इथे पुढे शिकता येणार नाही. तिचा भाषेचा मोठा पेपर गेला होता. दहापैकी तीन. जुलैच्या सुरुवातीला हेरकान्सिंग होतं, म्हणजे तोच पेपर पुन्हा द्यायची एकच संधी. त्यात साडेपाच मिळाले नाहीत तर सगळं संपलं.

"दादा, तिच्याकडून घोकून घ्या," तिची आई म्हणाली. "एकेक अक्षर शंभर वेळा लिहायला लावा. आपण नाही का पाढे पाठ केले?"

"वहिनी, घोकून पोपट तयार होतात," मी म्हणालो. "तुम्ही सहा शनिवार मला द्या."

कांजी म्हणजे जपानीतली चित्रांसारखी अक्षरं. अशी शेकडो लक्षात ठेवायची, प्रत्येकाचे दोन-तीन उच्चार, आणि कुठे कोणता करायचा ते शेजारच्या अक्षरावरून ओळखायचं. मी प्रत्येकाची एक गोष्ट रचली. माणूस आणि झाड शेजारी काढले की 'विश्रांती'. मी फ्रिजला टेकून घोरून दाखवलं. छपराखाली बाई काढली की 'शांतता'.

"घरात बाई असली की शांतता?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "कुणाच्या घरात ते विचार त्याला."

"आणि तेच अक्षर 'स्वस्त' या अर्थानेही वापरतात," मी मुलीला हळूच सांगितलं.

"ऐकू येतंय हं मला."

मुलगी खळखळून हसली. तीन शनिवार असेच गेले. ती हसून हसून डोळे पुसत घरी जायची, तिची आई मला फोन करून आभार मानायची. मी कार्यालयात जेवताना सहकाऱ्यांना माझी पद्धत समजावून सांगू लागलो. एकाला तर म्हणालो, यावर एक पुस्तक लिहायला हवं.

चौथ्या शनिवारच्या आदल्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली. गाल सुजलेला, डेंटिस्टने बोलायला मनाई केलेली. क्लास रद्द करायचं जिवावर आलं, म्हणून मी एक साधा उतारा छापला. स्टेशन, पाऊस, हरवलेली छत्री, पंधरा ओळींचा मजकूर. त्यातली सगळी अक्षरं आम्ही केलेली होती. कागद तिच्यापुढे ठेवला आणि खुणेने सांगितलं, वाच.

ती पहिल्या ओळीवर अडली. मी थांबलो. दुसऱ्या ओळीतल्या एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "हा तो फ्रिजवाला." मी मान हलवली, पुढे. उच्चार येईना. तिसऱ्या ओळीत, "ही ती बाई, काकू चिडल्या ती." बरोबर. पण वाक्य काय म्हणतंय? तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने हसली. मी काहीच केलं नव्हतं. माझा गाल सुजला होता आणि मी गप्प बसलो होतो.

मी वहीवर लिहिलं, 'हसलीस का?'

तिने कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "काका, तुम्ही थांबता ना. हसण्यासाठी जागा ठेवता. मग मी हसते."

'समजत नव्हतं?'

"स्टोरी समजायची. वाचायला नाही येत."

'मग बोलली का नाहीस?'

"तुम्ही इतकं करत होता."

तिच्याच सांगण्याप्रमाणे विद्यापीठात ही मुलगी भर वर्गात हात वर करून प्राध्यापकांना सांगायची की तुमचं हे मला कळलेलं नाही. इथे ते उद्धट समजत नाहीत, उलट न सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतात. आमच्या घरी मात्र दाराशी चपला काढताना ती सवयही ती तिथेच ठेवून यायची. काका इतकं करतात, काकू चहा देतात, त्यांना कसं सांगायचं? हे तिला कुणी शिकवलं असेल? आम्हीच, सगळ्यांनी मिळून. मी तीन शनिवार प्रयोग केले आणि तिकिटाशिवाय आलेल्या एकमेव प्रेक्षकाने प्रत्येक वेळी दाद दिली.

उरले तीन शनिवार, तो धरून. त्या दुपारी मी वहीवर लिहून आणि तिने तोंडाने, असं आम्ही नवं ठरवलं. रोज दहाच अक्षरं, पण एकटं अक्षर नाही, वाक्यातच. कोरा कागद घेऊन आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून ताडायचं. आज चुकलेलं उद्या पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकांची वेगळी वही. मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं, स्वतःच ऐकायचं. शनिवारी तिने मला शिकवायचं आणि मी अडाणी विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारायचे, तेही एका वाक्यात.

ते एक वाक्य मला फार जड गेलं. गालाची सूज उतरली तरी मी ओठ दाबून बसलो. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज प्रयोग नाही का?"

"नाही."

"बरं वाटतंय ना तुला?"

मुलीला मात्र बरं वाटत नव्हतं. कोऱ्या कागदावर काय येत नाही ते लपत नाही. पाचव्या शनिवारी तिने दहापैकी सहा अक्षरं चुकवली, पेन्सिल खाली ठेवली आणि डचमध्ये काहीतरी पुटपुटून बाथरूममध्ये गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला एखादी गोष्ट सांगून तिला हसवणं दोन मिनिटांचं काम होतं. मी चुकांची वही पुढे सरकवली.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "दादा, आधी हसत यायची, आता रडत येते. तुम्ही काय करताय नक्की?"

"आता अभ्यास करतोय, वहिनी."

"मग आधी काय करत होता?"

त्या दिवशी मी विषय बदलला. म्हणालो, परीक्षा जवळ आली की होतं असं.

निकाल पाच पूर्णांक एक लागला. तीनवरून पाच पूर्णांक एक, आणि उपयोग काही नाही. सल्ल्याचं पत्रही आलं. मुलीचा मेसेज आला, 'आईला अजून सांगितलं नाही. तुम्ही येता का?'

मी चालत जाताना मनात संवाद जुळवत होतो. त्यांच्या टेबलाशी बसलो, आईने चहा ठेवला आणि मी सुरुवात केली. "वहिनी, ती नापास झाली, आणि त्याला कारण मी आहे. पहिले तीन शनिवार मी वाया घालवले. ते असते तर..." आवाज थोडा कापला. खोटा नव्हता, पण कुठे कापायला हवा हे मला ठाऊक होतं.

"काका," मुलगी म्हणाली, "आता हेपण तुमचं नाटक होतंय. नापास मी झाले."

मग ती आईकडे वळली.

"फेब्रुवारीपासून मी क्लासला जात नव्हते," मुलगी आईला म्हणाली. मराठी अडखळत होतं, पण ती इंग्रजीत गेली नाही. "सगळ्यांना येत होतं, मला येत नव्हतं. मी सांगितलं नाही तुला. तू फोनवर विचारायची, कसं चाललंय, मी म्हणायचे, मस्त."

"मस्त," आई म्हणाली.

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत होते."

आईने चहाचे कप उचलले. माझा अजून भरलेला होता, तोही उचलला. सिंकपाशी पाठमोरी उभी राहून तिने विचारलं, "मग आता सप्टेंबरपासून काय?"

"माहीत नाही, आई."

"जपानी?"

"तेच करायचंय. कुठे, ते माहीत नाही."

मी उठलो. दारापर्यंत मला सोडायला कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. बाहेर पडताना ऐकू आलं, आई डचमध्ये काहीतरी विचारत होती, अगदी चुकत, आणि मुलगी तिला मराठीत उत्तर देत होती.