उलट्या पावलांचा आचारी

जत्रेच्या नाटकात कोणी कोण व्हायचं, हे आमच्या पेडण्याकडच्या गावात देवळाच्या सभामंडपात बसून ठरतं. यंदा रहस्यनाटक निघालं आणि मला इन्स्पेक्टर व्हायचं होतं. निवृत्त मास्तराला अधिकार कोणी देत नाही. निदान टोपी तरी मिळावी.

दावा भक्कम होता. टीव्हीवर एकच वाहिनी दिसायची त्या काळात, एका हलक्याफुलक्या खूनमालिकेचा एक भाग तेरेखोलच्या किल्ल्यात चित्रित झाला होता. दर भागात कोणी नामवंत नट पाहुणा म्हणून यायचा आणि खुनी बहुधा तोच निघायचा; इतक्या लांब त्याला नुसता चहा प्यायला कोण बोलावणार? त्याला चहा नेऊन देणारा आचारी मी. शेवटी ‘पाहुणे कलाकार’ या मथळ्याखाली त्याच्या नावाखाली माझंही नाव आलं. मी खोलीतून बाहेर पडलो तो असा की सगळ्यांना संशय माझाच आला, हे मी पुढे शाळेत, लग्नांत आणि एकदा सुतकातही सांगितलं.

तो भाग कोणाकडेच नव्हता, म्हणून माझं बरं चाललं होतं. यंदा तो इंटरनेटवर सापडला. शोधला आमच्या नाटकाच्या नायिकेनं. ती बँकेत आहे आणि पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही.

सभामंडपात टीव्ही लावला. नामवंत नट नुसता कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसला होता, तरी नजर त्याच्यावरून हलेना. मग मी आलो. ट्रे ठेवला. आणि कॅमेऱ्याकडे तोंड ठेवून, हात पोटाशी धरून, एकेक पाऊल मागे टाकत निघालो. दाराच्या चौकटीवर आपटलो. पडद्यावरच्या गुप्तहेराची भुवई वर गेली.

“मास्तर, उलट्या पायांनी कित्याक चलतात ओ?” नायिकेनं विचारलं.

“पात्राच्या मनातली भीती,” मी म्हणालो.

कोपऱ्यातून आमचे म्हातारे प्रॉम्प्टर बोलले, “खंयची भीती! देवीक पाठ दाखवची नाय म्हणून गेलो तो तसो. मियाच शिकयलंय तेका.”

खरं होतं. आमचा रंगमंच देवळाकडे तोंड करून उभा राहतो, गाभाऱ्याची दारं उघडी असतात आणि पहिली प्रेक्षक देवी. हल्लीची पोरं सुरुवातीला एक नमस्कार करून मोकळी होतात. मी जुन्या वळणाचा. किल्ल्यात कॅमेरा होता तिथेही मला देवीच दिसली असावी.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, “मग इन्स्पेक्टर?”

“इन्स्पेक्टरान खुन्याच्या पाठी धावूक व्हया, मास्तर,” नायिका म्हणाली. “तुमी उलटे धावशाल तर खुनीच तुमका धरतलो.”

मला प्रेताची भूमिका मिळाली. प्रवेश नाही, प्रस्थान नाही. पडदा उघडताना पडलेला, पडताना पडलेला. तालमीत मी पाय पसरून झोपलो, तर प्रॉम्प्टर ओरडले, “पाय देवीकडे नकोत!”

मला उलटं फिरवलं. आता डोकं पुढे, पाय मागच्या पडद्याकडे. नाटकाच्या फलकावर ‘टीव्हीचे पाहुणे कलाकार’ म्हणून माझं नाव सगळ्यांच्या वर रंगवलं आहे. अख्खा पहिला अंक देवीला आणि गावाला माझं टक्कल तेवढं दिसेल.