आपली चूक आपणच सांगायची

सून रानातून आली की दुपारी मला मोबाईलवर तबकडीचा खेळ लावून देते. परदेशातले खेळाडू झाडांमधून तबकडी फेकतात अन् लांबच्या साखळ्यांच्या टोपलीत पाडतात. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. तबकडी तरंगत राहते, माझे डोळे जड होतात, अन् वाटतं, बायको शेजारी बसून बघून राह्यली. तिला जाऊन वर्ष झालं.

परवा मोठा सामना होता. सगळ्यात पुढं असलेल्या खेळाडूनं शेवटची तबकडी बराबर टोपलीत टाकली. टाळ्या पडल्या, अन् त्यानं हात वर केला. सुनेनं सांगितलं, फेकताना आपला पाय उभं राहायच्या खुणेच्या पुढं गेल्ता, असं तो म्हणतो. दुसऱ्या कोणी पाह्यलं नव्हतं. त्याची एक फेक वाढली, बरोबरी झाली, अन् जादा फेरीत तो हरला. तरी हसत जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडला.

मी उठूनच बसलो. आम्ही नवरा-बायको दुपारी ओसरीवर फोडलेले चिंचोके टाकून चौकाबारा खेळायचो. ती पानाची चंची उघडायला खाली बघायची, तेवढ्यात मी अंगठ्यानं एक चिंचोका पलटायचो. चाळीस वर्षं हेच केलं.

सुनेला म्हणालो, "तुझ्या सासूला मी फसवून हरवायचो."

"आत्याबाईंला ठाऊक होतं, मामा," ती हसली. "म्हणायच्या, हे हरले की जेवत न्हाईत, म्हणून मी मुद्दाम चंचीत बघते."

मला बिलकुल बरं वाटलं न्हाई. त्या खेळाडूनं वेळेवर हात वर केला. मला रोज दुपारी करता आला असता. ती समोरच बसायची.