पिचरचा हिरवा चुडा

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. नांदेडच्या कॉलेजात मी तेवढं एकच काम मन लावून शिकले, बाकी अभ्यासाचा आनंदीआनंद. लग्न होऊन लातूरला आले आणि लगेचच एका नव्या संघानं मला बोलावलं, तेही पैसे देऊन. चेंडू फेकायचा पगार! माहेरी कुणाचा विश्वास बसेना आणि सासरी कुणी विषयच काढेना.

सासरी शब्द चालायचा तो सासूबाईंचा. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्यापुढं माझा नवराही मुका. त्या म्हणाल्या, "एक मॅच खेळ. मी येते बघाया. मग ठरवू." म्हणजे माझा सगळा खेळ त्या एका मॅचवर आला.

मॅच नांदेडला होती. मैदानात उतरले तर पंचांनी माझ्या हातांकडं बोट दाखवलं. काचेच्या बांगड्या चालणार नाहीत म्हणे. मनगटभर लग्नाचा चुडा, कासारणीनं हात दाबून-दाबून चढवलेला, तो काय सहज निघणार होता? आमच्या कॅप्टनला घाई. "फोड की पटकन," ती म्हणाली. आमच्याकडं नव्या नवरीची बांगडी फुटली असं कुणी तोंडानंही म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. मला रडूच आलं. आता आत्या घरी चल म्हणणार, संपलं सगळं, असं वाटलं.

तेवढ्यात आत्या पदर खोचून थेट मैदानात आल्या. पंच अडवत होते, पण त्यांना विचारतंय कोण! डब्यातल्या लोणच्याचं तेल माझ्या हातांना चोळत त्या म्हणाल्या, "हात ढिला सोड गं. रडायलीस कशाला? एक बी फुटू देत न्हाई."

एकेक बांगडी अलगद निघत गेली. पण ठेवायच्या कुठं? पिशवीत टिचल्या असत्या. आत्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ स्वतःच्या हातांत चढवल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून त्या मनगटांना काच लागली नव्हती. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की जागचं हलवेना.

"माझ्याकडं काय बघतीस? जा, टाक बॉल," त्या म्हणाल्या.

पहिला चेंडू तेलानं जो सटकला, तो थेट पंचांच्या अंगावर. मग हाताला माती चोळली आणि नंतर काही कुणाला सोडलं नाही. जिंकलो आम्ही.

परतीच्या एसटीत चुडा आत्यांच्याच हातांत होता. परत मागायचं मला धाडस होईना. लोह्याला चढलेली एक बाई त्यांच्या शेजारी टेकली. हिरव्यागार मनगटांकडं बघून तिनं कौतुकानं विचारलं, "मालक काय करतेत, आक्का?"

मी पटकन खिडकीबाहेर बघायला लागले. आत्यांनी मात्र हात पदराखाली घेतले नाहीत.

"मालक न्हाईत बाई," त्या म्हणाल्या. "ह्यो सुनंचा चुडा हाय. ती बॉल टाकती. आता दर मॅचला मलाच सांभाळाया लागंल."